वर बरड, खाली बगीचा

आमच्या आणि काकाच्या घरामध्ये भिंत एकच होती, आणि तीही वरपर्यंत गेलेली नव्हती. वाटण्या झाल्या त्या वर्षी बाबांनी आणि काकाने मिळून ती बांधायला घेतली आणि आढ्याखाली हातभर जागा उरली असताना दोघांनाही कंटाळा आला. त्यामुळे तिकडे कपबशा वाजल्या की आम्हाला कळायचं पाहुणे आलेत, आणि आवाज पातळ आला की फुलाफुलांच्या कपबशा काढल्यात, म्हणजे पाहुणे मोठे आहेत, हेही कळायचं. माझी माय भाकर थापता थापता हात थांबवून ऐकायची. "कोण आलं असन वो?" असं ती त्या भिंतीलाच विचारायची. मी तिच्याजवळ अंबाडीची पानं खुडत बसलेली असायचे आणि माझेही कान तिकडेच असायचे. हेवा मी मायच्या दुधातूनच प्यायले असं कोणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

आमचं गाव मध्य प्रदेशात, सौंसरहून लोधीखेड्याकडे जाताना रस्त्याला लागून आहे. नाल्याच्या काठाने काळी जमीन, तिच्यात संत्र्याचा बगीचा, आणि बगीच्याच्या डोक्यावर बरड. बरड म्हणजे उताराची, मुरमाड जमीन, जिच्यावरची माती पावसाने कधीच नाल्यात नेऊन टाकली होती. पळसाची खुंटं, बोराटी आणि गावभरच्या बकऱ्या, याशिवाय तिच्यावर काही नव्हतं. आजोबांनी वाटणी करताना बगीचाही अर्धा अर्धा केला आणि बरडही, आणि बरडीच्या मधोमध दगडांची एक ओळ मांडून दिली. विहीर एकच होती. तिला पाळी लावली, एक दिवस आमची मोटर, एक दिवस काकाची. बगीचा लावला तेव्हा माय नुकतीच लग्न होऊन आली होती आणि विहिरीवर मोटर नव्हती. पहिल्या उन्हाळ्यात तिने डोक्यावरून घागरी नेऊन ती कलमं जगवली. त्यामुळे आमच्या अर्ध्या बगीच्याला ती 'माहा बगीचा' म्हणायची आणि बाबांनी त्यावर कधी तोंड उघडलं नाही. बरडीला मात्र कोणी माझी म्हणत नव्हतं. जीप येईपर्यंत तरी नव्हतं.

जीपमधून उतरणारे सर कुठल्याशा संस्थेचे होते. संस्थेचं नाव लांबलचक होतं, म्हणून गावाने त्यांना झाडवाले सर केलं. त्यांना डोळे मिटून बोलायची सवय होती. उजाड जमीन पुन्हा उभी करायची, आडवे चर खोदून पाणी अडवायचं, आवळा, सीताफळ, खमेर, बांबू लावायचा, झाडांच्या ओळींमधून तूर आणि ज्वारी घ्यायची, पानं गळतील, त्यांची माती होईल, असं ते डोळे मिटून हिंदीत सांगत आणि ऐकणाऱ्याला समोर जंगल दिसायला लागे. त्यात खोटं काही नव्हतं. पुढे मी स्वतः पाहिलं, पानांची माती खरंच होते. पण डोळे मिटून बोलणाऱ्याला समोर कोण उभं आहे ते दिसत नाही, हेही मी तेव्हाच पाहिलं. सर दोन्ही बरडी हिंडले, मूठभर मुरूम हातात घेऊन चोळला, आणि निवडली काकाची. का, तर काकाची बाजू डांबरी रस्त्याकडे होती, तिथे बोर्ड लावला तर बसमधल्या माणसालाही वाचता आला असता. बाबांनी विचारलं, साहेब, बरड एकच आहे, मध्ये नुसते दगड आहेत, माझी पण घ्या. सर म्हणाले, अगले साल. बाबा घरी येऊन जेवले नाहीत. ओट्यावर बसून बराच वेळ चपलेची धूळ झटकत राहिले.

मग काकाच्या बरडीवर मजूर आले, चर खोदले गेले, रोपांचा ट्रक आला, पाण्याचा टँकर आला. बोर्ड लागला. आणि बोर्डावर हातात रोप धरलेल्या निर्मलाचं चित्र आलं. निर्मला काकाची मुलगी, माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली. वाटण्यांच्या आधी आम्ही एका गोधडीत झोपायचो. पेंटरने चित्रात तिचं नाक सरळ केलं होतं, ते मी बसमधल्या सगळ्या मुलींना दाखवून दिलं, पण कोणाला त्याचं काही वाटलं नाही. पाहुणे येणार असले की तिला शाळेत न पाठवता घरी थांबवून घ्यायचे. ती संस्थेची पिवळी टोपी घालून हार घालायची आणि एकेका रोपाला हात लावून हिंदीत नावं सांगायची, यह आँवला है, यह बाँस है. पाहुणे टाळ्या वाजवायचे. आता यात टाळ्या वाजवण्यासारखं काय होतं? आवळ्याला आवळा तर आमची म्हैसही ओळखत असेल. शिवाय माझं हिंदी तिच्यापेक्षा चांगलं होतं, गुरुजी स्वतः म्हणायचे. मी तिच्याशी बोलणं टाकलं. पण तिला ते कळलंच नाही. ती आपली रोज माझ्याशी बोलत राहिली, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आता आमची बरड माझ्या नावावर आहे आणि मी पांढुर्ण्याला राहते. झाडवाले अजूनही येतात. जीप गेली, पांढऱ्या गाड्या आल्या. पूर्वी बोर्ड लावायचे, आता झाडाच्या खोडाला नंबर ठोकतात. मला झाडाला टेकून उभं करतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि सांगतात की तुमच्या झाडांनी हवा किती साफ केली ते मोजून आम्ही दूरदेशीच्या कंपन्यांना विकून देऊ. मी चहा करते, सगळं ऐकते आणि एवढंच विचारते, उन्हाळ्यात पाणी कोण देईल? मग ते मोबाईल पाहायला लागतात. झाडांवर माझा राग नाही. झाडं घेऊन येणाऱ्यांवर माझा भरवसा नाही. निर्मलाला हा ताप नाही. तिच्या बापाची बरड रस्त्याला लागून होती, तिथे आता पेट्रोल पंप आहे आणि तिचं नागपूरला मोठं घर आहे. तिच्याकडे गेले की ती मला गच्चीवर नेते आणि कुंड्यांमधली झाडं दाखवते. मी छान आहेत म्हणते आणि मनातल्या मनात त्यांना पाणी कमी पडलंय असं ठरवून टाकते.

तर, बाबांनी पुढच्या सालाची वाट पाहिली नाही. ते सरकारी नर्सरीतून गाडीभर रोपं घेऊन आले. काकाच्या बरडीवर जे काही व्हायचं ते ते दगडांच्या ओळीअलीकडे उभं राहून बघायचे आणि दिवस कलला की आपल्याकडे तेच करायचे. तिकडे चर खोदला की इकडे चर. तिकडे आवळा लागला की इकडेही आवळा, वर एक ओळ जास्त. मी आणि माय खड्ड्यांमध्ये शेणखत टाकत जायचो. बगीच्यासाठी राखलेलं शेणखत असं सगळं वर गेलं तेव्हा माय पहिल्यांदा बोलली. पण त्या वर्षी पाऊस भरपूर होता, रोपांनी मूळ धरलं, आणि बाबा इतके खुशीत होते की तिने तो विषय सोडून दिला.

पुढचं कळायला संत्र्याबद्दल थोडं सांगायला हवं. संत्र्याचं पाणी तोडल्याशिवाय ते मनापासून फुलत नाही. पाणी बंद करायचं, पानं मलूल होऊ द्यायची, झाडाला वाटलं पाहिजे की आता आपलं काही खरं नाही. मग हलकंसं पाणी सोडायचं, की ते फुलांनी भरून जातं. याला ताण देणं म्हणतात. हिवाळ्यात ताण दिला की आंबिया बहार, उन्हाळ्यात दिला की मृग बहार. आमच्याकडे आजोबांपासून आंबिया घ्यायचे, कारण उन्हाळ्यातला ताण जोखमीचा, पाऊस लांबला तर झाड हातचं जातं. त्या हिवाळ्यात मात्र बाबांनी ताण दिलाच नाही. यंदा मृग घेऊ म्हणाले, मृगाच्या संत्र्याला नागपुरात मान आहे. गावाला पटलं, मायलाही पटलं. खरं काय ते चैत्र सरल्यावर दिसलं. बगीच्याचं पाणी तोडलं, आमच्या पाळीची मोटर सुरू झाली, आणि पाणी पाटात न जाता ड्रमांत गेलं. ड्रम बैलगाडीत चढले आणि गाडी बरडीला लागली.

माझे ते दिवस फार सुखाचे गेले. शाळेला सुट्टी होती. उन्हं चढायच्या आत मी आणि बाबा गाडीवर. प्रत्येक रोपाजवळ बाबांनी एक फुटकं मडकं पुरलं होतं, त्याच्या भोकात चिंधी, म्हणजे पाणी झिरपत मुळाशी जाईल. मी गंजाने, म्हणजे छोट्या पातेल्याने, ड्रममधलं पाणी काढायचे आणि मडकी भरत जायचे. मग पळसाच्या खुंटाशी बसून कांदा, भाकर आणि तेलतिखट. बाबा घरात बोलत नसत एवढं तिथे बोलायचे, इथे सीताफळं लागतील, तिथे आपण एक खोपडी बांधू. वैशाखात काकाकडचा टँकर यायचा थांबला. संस्थेचं पाणी संपलं की पैसे संपले ते काही कळलं नाही. काकाने स्वतःच्या पाळीचं पाणी रोपांना दिलं नाही. "झाडं त्यायची हायेत, पाणी त्यायनंच द्याव," असं म्हणून त्याने सगळी मोटर आपल्या संत्र्यांवर ठेवली. हळूहळू दगडांच्या पलीकडची रोपं तपकिरी व्हायला लागली. मला आनंद झाला. बाबांनाही झाला. ते तोंडाने "बिचारी झाडं" म्हणायचे आणि परत येताना गाडीवर गुणगुणायचे.

घरी माय वाट पाहत असायची, पण आमची नाही. तिला बरडीचा हेवा वाटायला लागला होता, सवतीचा वाटावा तसा. बाबा हातपाय धुवायला बसले की ती विचारायची, "कशी हाय ते वरची? पेली का पाणी पोटभर?" बाबा हसायचे. मग ते हसेनासे झाले. मृग लागला आणि पाऊस आला नाही. ढग यायचे, लोधीखेड्याच्या बाजूला निघून जायचे. बगीच्यात पानं गुंडाळली, मग पिवळी पडली, मग खाली त्यांचा सडा पडला. काकाची संत्री बांधापलीकडे हिरवीगार उभी होती. एका दुपारी मायने खालून एक फांदी मोडून आणली आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवली. ती ओली मोडली नव्हती, कडकन मोडली होती.

"ताण म्हंजे उपास असते," ती म्हणाली. "उपास सोडाव लागते कई ना कई. तुम्ही ताण देऊन राहिले का जीव घेऊन राहिले?"

बाबांनी फांदीकडे पाहिलं नाही. "चार रोज थांब. भोपाळचे मोठे सायेब येऊन राहिले. तेवढं झालं का सारं पाणी तुह्या बगीच्याले."

"सायेब भाऊजीच्या घरी येऊन राहिले. तुम्हाले कोन बलावलं?"

"नजर त पडन ना इकडं," बाबा म्हणाले, आणि वरण वाढ म्हणाले.

साहेब आले त्या दिवशी विहिरीची पाळी काकाची होती. सकाळपासून भिंतीपलीकडे पाटोडीच्या रश्श्याचं वाटण चाललं होतं, पाट्याचा आवाज थांबत नव्हता. फुलांच्या कपबशाही वाजल्या. मायने आमच्या चुलीवर नुसती खिचडी टाकली आणि फावडं घेऊन खाली निघून गेली. मी आणि बाबा वर जाऊन दगडांच्या ओळीशी उभे राहिलो. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. गाड्या थांबल्या, साहेब लोक उतरले, झाडवाले सर पुढे. सरांनी काकाच्या बरडीवर नजर टाकली. तिथे काड्या उभ्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते, म्हटलं आता कसे डोळे मिटता ते पाहू. त्यांनी मिटले नाहीत. ते चालत आले, दगडांची ओळ ओलांडली आणि मागे वळून साहेबांना म्हणाले, आइए, इधर से देखिए.

आमच्या आवळ्यांमध्ये उभं राहून त्यांनी हाताने सगळा उतार दाखवला आणि हे सगळं संस्थेचं काम आहे म्हणून सांगितलं. माती कशी धरली, पाणी कसं अडवलं, आणि मडकं पुरून चिंधीने पाणी द्यायची पद्धत तर त्यांनी जमिनीवर बसून समजावली. मग निर्मलाला पुढे बोलावलं. पिवळी टोपी घालून ती आली आणि मी कालच पाणी घातलेल्या झाडाला हात लावून म्हणाली, यह आँवला है. टाळ्या वाजल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी बाबांकडे पाहिलं, म्हटलं आता बोलतील. बाबांनी हात जोडले होते. एका साहेबांनी त्यांच्याकडे बोट करून हे कोण म्हणून विचारलं, तेव्हा सर म्हणाले, हमारे किसान हैं. आणि बाबा म्हणाले, "हव जी." मग मीच पुढे झाले. माझ्या चांगल्या हिंदीत सांगितलं, "इनको पानी हमने दिया है, सर." मोठ्या साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शाबाश म्हटलं. त्यांना वाटलं मीही संस्थेचीच. फोटोसाठी सगळे ओळीने उभे राहायला लागले, आणि तेवढ्यात खाली मोटर सुरू झाल्याचा आवाज आला.

पाळी काकाची असताना मोटर कोणी सुरू केली ते बाबांना कळलं, काकालाही कळलं. पण काकाच्या गळ्यात हार होता आणि बाबा फोटोत काठावर का होईना उभे होते. दोघेही हलले नाहीत. गाड्या गेल्यावर आम्ही खाली पळालो. मायने पाटाचे बारे तोडून सगळीकडे एकदम पाणी सोडलं होतं. ती घोटाभर पाण्यात फावडं धरून उभी होती आणि तिच्याभोवती पिवळी पानं तरंगत होती. बाबा ओरडले, ताण तोडायचं पहिलं पाणी हलकं द्यावं लागते, तुले एवढंही नाही कळत? माय म्हणाली, "वरचीले तुम्ही कई हलकं देल्लं?" काका मागून येऊन उभा राहिला. पाळीचं काही बोलेल असं मला वाटलं, पण त्याने बगीचा पाहिला आणि मोटर तशीच चालू ठेवून गेला. त्याची ती दया मायला मरेपर्यंत पचली नाही.

पुढे पाऊस आला. बरडीवरचं आमचं सगळं जगलं. बगीच्यात कुठे कुठे पालवी फुटली, आशा लावली, आणि मग शेंड्याकडून वाळत आली. दिवाळीपर्यंत झाडं उभ्या उभ्या गेली आणि बाबांनी ती तोडून काढली. तिने बुडवली असं बाबा म्हणायचे, त्यांनी वाळवली असं माय म्हणायची, आणि हा वाद दोघांनी म्हातारपणापर्यंत नेला. संस्थेची जीप पुन्हा आली नाही. पुढचं साल आलं आणि गेलं, आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. बाबा मात्र रोज वर जात राहिले.

थंडी ओसरताना काकाच्या बगीच्यात आंबिया फुटला. असा फुटला की पान दिसेना. आमच्या बाजूला खुंटं आणि हरभरा, आणि बांधापलीकडे तो पांढरा बहार. एका संध्याकाळी निर्मला आमच्या घरी आली. तिच्या वेणीत संत्र्याच्या फुलांचा गजरा होता. आमच्याकडे संत्र्याचं फूल कोणी तोडत नाही, फूल गेलं म्हणजे फळ गेलं. पण त्यांच्याकडे इतकं होतं की माळायलाही परवडत होतं. तिच्या हातात आणखी एक गजरा होता. "सुमे, हा तुह्यासाठी केला," म्हणून तिने तो माझ्यासमोर धरला. मी हात पुढे केला होता. पण मायने चुलीपासून उठून तो तिच्या हातातून घेतला आणि नाकाशी नेला. मला वाटलं आता चुलीत टाकते. ती ओट्यावर गेली. बाबा नुकतेच बरडीवरून आले होते, पायाची माती काढत होते. तिने गजरा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "सायबायले दाखवा."

बाबांनी तो उचलला नाही आणि बाजूलाही केला नाही. निर्मला दारात अवघडून उभी होती. मायने आत येऊन तिला चहा घेतेस का विचारलं, आणि आमच्याकडे होते त्यातल्या धड कपात तिला चहा दिला. मी दोघींच्या मध्ये बसले होते. मायसाठी मला रडू यायला हवं होतं, बाबांची कीव यायला हवी होती. पण मला तो गजरा हवा होता.